पावसाची शक्यता नाही

"हा ऋतू आहे की रुसलेला जावई?" बेकरीवाले कडाडले. "सकाळी गार, दुपारी गरम, संध्याकाळी रडका! काय हवंय ते एकदा तोंडानं सांगून टाक ना बाबा!"

सकाळचे नऊ वाजले होते. बागेच्या फाटकाजवळच्या लाकडी बाकापाशी तिघं मित्र रोजच्यासारखे बसायला आले होते. डावीकडे बेकरीवाले. त्यांची भट्टी पहाटे पेटायची आणि आठला थंड व्हायची. त्यामुळे नऊ वाजता त्यांच्याकडे वेळही असायचा आणि तोंडाला वाफही. उजवीकडे सिस्टर. तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढून त्या गेल्या वर्षी घरी बसल्या होत्या, पण समोरचा माणूस साठीचा असला तरी त्याच्याशी त्या इंजेक्शनच्या आधी बोलल्यासारख्याच बोलत.

आणि मध्ये अनुस्वारराव. हे एका दैनिकात मुद्रितशोधक होते, म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधून काढायच्या, हे त्यांचं काम. बुटके, गोल आणि कायम दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेले, म्हणून शाळेत बेकरीवाल्यांनीच त्यांना अनुस्वार म्हणायला सुरुवात केली होती. पुढं वयाप्रमाणे त्याला 'राव' लागलं, एवढाच फरक.

आज अनुस्वाररावांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुपारी चार वाजता कचेरीत निरोपाचा कार्यक्रम होता. फोटो निघणार होता आणि तो उद्याच्या अंकात छापून येणार होता. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे फोटो आणि त्याखालची नावं तपासणाऱ्या माणसाचा स्वतःचा फोटो पहिल्यांदाच छापून येणार, म्हणून बायकोनं शिंप्याकडे चार खेपा घालून लोण्याच्या रंगाचा कोट शिवून घेतला होता. "सकाळपासूनच घाला, म्हणजे अंगाला सवय होईल," असं तिनंच बजावलं होतं.

"ऋतूला कशाला बोलतोस?" अनुस्वारराव म्हणाले. "कपाळावर आठ्या कुणाच्या आहेत? तुझ्या."

"मग काय नाचू? परवा तुझ्याच पेपरात छापून आलं, पाऊस येणार नाही म्हणून. मी मैद्याची पोती अंगणात उतरवून घेतली. संध्याकाळी सर आली! नऊ पोत्यांची खळ झाली. पोस्टर चिकटवायला ने म्हणावं कुणाला हवी असेल तर!"

"अरे, मी शुद्धलेखन तपासतो, आभाळ तपासत नाही!"

"हा बघ, अंकच घेऊन आलोय. वाच, वाच काय लिहिलंय ते!" बेकरीवाल्यांनी पिशवीतून परवाचा पेपर काढून नाचवला.

"मला दाखवू नकोस. छापून आलेला पेपर मी पुन्हा वाचत नाही. एकदा वाचलेला असतो."

"मग बस त्याच्यावर! तेवढाच उपयोग आहे त्याचा."

हे मात्र अनुस्वाररावांना पटलं. बाकावर दव पडल्यासारखं काहीतरी चमकत होतं, त्यामुळे कोट जपण्यासाठी त्यांनी तो अंक पसरून त्यावरच बैठक मारली आणि पाठ टेकून ऐसपैस बसले. बाकीचे दोघं दोन्हीकडे टेकले. पुढचा पाऊण तास गप्पा रंगल्या. सिस्टरांनी सांगितलं, की त्यांच्या सुनेनं उन्हाळा आला म्हणून सगळे गरम कपडे माळ्यावर टाकले, आणि दुसऱ्याच दिवशी सिस्टरांचं नाक चोंदलं. "मी म्हटलं, अगं, स्वेटर तरी राहू दे. तर म्हणते, आई, कॅलेंडर बघा. आता कॅलेंडर काय अंगावर पांघरू?" शेवटी माळ्यावर चढून त्यांनी स्वतःच स्वेटर काढून आणला होता आणि आज तो घातला होता. तेवढ्यात ऊन असं कडकडीत पडलं की बेकरीवाल्यांनी शर्टाची बटणं सोडली, आणि बटणं सोडून होतात न होतात तोच वारा असा सुटला की ती पुन्हा लावावी लागली.

"बघितलंत? बघितलंत?" ते ओरडले. "हे असं चाललंय!"

पावणेदहा वाजले, तशी अनुस्वाररावांनी निघायची भाषा केली. तिघंही एकदम उठायला गेले, आणि चर्रर्र असा आवाज आला. जुनी चादर फाटावी तसा.

बाक त्यांना सोडायला तयार नव्हता.

जोर लावून तिघं सुटले, तेव्हा बाकावर तीन ठिकाणी भुरकं लाकूड उघडं पडलं होतं. अनुस्वाररावांच्या कोटाच्या पाठीवर चार आडव्या हिरव्यागार पट्ट्या उमटल्या होत्या, आणि खाली कोटाच्या शेपटाला परवाचा पेपर घट्ट चिकटून फडफडत होता. सिस्टरांच्या स्वेटरवर चार पट्ट्या, बेकरीवाल्यांच्या पँटीवर पाच.

"रंग!" सिस्टर किंचाळल्या. "ओला रंग! आणि तुम्हाला वास नाही आला?"

"मला यीस्टशिवाय कसलाच वास येत नाही," बेकरीवाले म्हणाले. "तुम्हाला?"

"माझं नाक चोंदलंय! आणि अनुस्वारराव, तुम्हाला?"

"एकतीस वर्षं छापखान्याच्या शाईत काढली मी," अनुस्वारराव रडकुंडीला येऊन म्हणाले. "रंगाचा वास मला हवेसारखा वाटतो. माझा कोट! चार वाजता कार्यक्रम आहे माझा!"

बेकरीवाल्यांनी मित्रप्रेमानं खिशातला रुमाल काढला आणि पाठीवर खसाखसा घासला. रुमालात मैदा होता. पहिल्या पट्टीचा हिरवा लगदा झाला आणि तो दुसऱ्या पट्टीपर्यंत पसरला.

"हात लावू नका!" सिस्टरांनी त्यांच्या हातावर फटका मारला. "आणि तो पेपर तर अजिबात ओढायचा नाही. चिकटलेली पट्टी अशी ओढतात का? कातडी निघते सोबत."

"सिस्टर, हे कापड आहे."

"कापडाला काय जीव नसतो?"

मागच्या झुडपात पालथी पडलेली एक पाटी बेकरीवाल्यांना सापडली. वाऱ्यानं उडून गेली असावी. तिच्यावर खडूनं लिहिलं होतं, 'रंग ओला आहे. बसु नये.'

अनुस्वाररावांनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा कोटापेक्षाही बदलला.

"बसु? 'बसू'तला सू ऱ्हस्व?" ते ओरडले. "एक तर पाटी नीट बांधायची नाही, आणि वर ही भाषा! नाही, नाही, आता गप्प बसायचं नाही. चला!"

"कुठं?"

"उद्यान विभागात! तक्रार करायला!"

उद्यान विभागाची कचेरी बागेपासून दहा मिनिटांवर होती. रस्त्यात लोक वळून वळून बघत होते. पुढं पाटी उगारलेले अनुस्वारराव, मागं त्यांच्या कोटाचा पेपर उडू नये म्हणून तो धरून चाललेल्या सिस्टर, आणि त्यांच्या मागं, स्वतःची पाठ कुणाला दिसू नये म्हणून तिरके तिरके चालणारे बेकरीवाले. समोरून आलेल्या एका बाईंनी, ही कुठली मिरवणूक, असं सिस्टरांना विचारलंसुद्धा.

कचेरीत पंख्यावरून भांडण चाललं होतं. खिडकीकडच्या कारकूनबाईंना उकडत होतं आणि दाराकडच्या कारकुनाला थंडी वाजत होती. बाई बटण चालू करत, कारकून बंद करी. तिघं आत आले तेव्हा पंखा चालू होता आणि सगळे कागद हातानं दाबून धरून कारकूनबाई बसल्या होत्या.

"आम्हाला तक्रार करायचीय!" अनुस्वाररावांनी पाटी टेबलावर आपटली.

"कशाबद्दल?"

अनुस्वाररावांनी पाठ फिरवली.

कारकूनबाईंनी पट्ट्या निरखून बघितल्या. "छान आहे हो डिझाइन. पण हा पेपर कशाला जोडलाय?"

"डिझाइन नाही हे! तुमच्या बाकाचा रंग आहे हा!"

"आमच्या बाकाचा?" बाईंचा आवाज एकदम सरकारी झाला. "मग तो तुमच्याकडे कसा आला?"

"बसल्यामुळे आला!"

"म्हणजे आता बाकावर रंग नाही?"

"कसा असेल? माझ्या पाठीवर आहे तो!"

बाईंनी दाराकडच्या कारकुनाला हाक मारली. "अहो, भांडण राहू द्या. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. कबुली देताहेत. फॉर्म काढा."

"कबुली?" बेकरीवाले उसळले. "चोर तो चोर आणि वर शिरजोर! आम्ही तक्रार द्यायला आलोय!"

"तक्रारीचा फॉर्म वेगळा. तो नुकसानीच्या फॉर्मनंतर भरायचा."

अनुस्वाररावांनी फॉर्म हातात घेतला. त्यांची नजर पहिल्या ओळीवर गेली आणि हात आपोआप खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला. ओळ होती, 'सदर अर्जदाराने सदर घटना सदर ठिकाणी घडली असल्याबाबतची बाब नमूद करणे आवश्यक राहील.'

"ही काय भाषा आहे?" ते पुटपुटले आणि त्यांनी सरासरा काट मारायला सुरुवात केली. "तीन 'सदर' कशाला? 'बाबतची बाब' म्हणजे काय? घटना कुठं घडली ते लिहा, एवढंच ना? मग तेवढंच म्हणा ना सरळ! फापटपसारा!"

दोन मिनिटांत फॉर्म लाल झाला. खाली आठ ओळींतल्या तीन उरल्या होत्या.

कारकूनबाईंनी तो बघितला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा फॉर्म आमच्या साहेबांनी स्वतः तयार केलाय."

"मग बोलवा साहेबांना!"

दीड वाजता साहेब आले. उद्यान अधीक्षक. उंच, सडपातळ आणि बघावं तेव्हा कुणीतरी आपला अपमान केलाय अशा चेहऱ्याचे. त्यांनी आधी फॉर्म पाहिला, मग पाठी पाहिल्या, आणि या दोन्हींतला कोणता गुन्हा मोठा, हे त्यांना ठरवता येईना.

"जागेवर जाऊन पाहणी करावी लागेल," ते शेवटी म्हणाले. "तोपर्यंत कोट जमा करा. पुरावा आहे तो."

"कोट देणार नाही!" अनुस्वारराव छाती पुढं काढून म्हणाले. "चार वाजता मला निरोप आहे. मी यातच जाणार. बायकोनं शिवून घेतलाय."

"या अवस्थेत?"

"अवस्था कुणी केली?"

अधीक्षकांनी कारकुनाला टेप घ्यायला सांगितली. मग कोटासकट अनुस्वारराव, असा पुरावा घेऊन सगळे बागेकडे निघाले. निघाले तेव्हा लख्ख ऊन होतं, म्हणून अधीक्षकांनी छत्री घेतली नाही. अर्ध्या वाटेत आभाळ भरून आलं आणि टपोरे थेंब पडू लागले. बाकाजवळ पोचेपर्यंत पाचही जण, म्हणजे तिघं मित्र, अधीक्षक आणि मोजमापाची टेप घेऊन आलेला कारकून, नखशिखांत भिजले होते. कोटाचा बाकी रंग पाण्यानं उतरून फिका पडला, हिरव्या पट्ट्या मात्र धुऊन पुसून आणखी उठून दिसू लागल्या.

"ऑइल पेंट आहे," कारकून कौतुकानं म्हणाला. "चांगल्या प्रतीचा घेतो आपण."

टेप लावून मोजणी झाली. बाकाच्या पट्ट्या आणि कोटाच्या पट्ट्या यांच्यातलं अंतर तंतोतंत जुळलं. अधीक्षकांनी रंगाऱ्याला बोलावून घेतलं. तो बागेच्या दुसऱ्या टोकाला छपरीत पाऊस थांबायची वाट बघत होता. आला, आणि बाकाकडे बघून मटकन खालीच बसला.

"काल दुपारी दोन हात मारले होते मी याच्यावर. रात्रीच्या सरीनं वाळूच दिलं नाही," तो म्हणाला. "घासून, पुसून, अस्तर लावून! बारा बाकांमधला हा पहिला. आणि तुम्ही लोक येऊन बसलात? शरम नाही वाटत?"

"आम्हाला शरम?" सिस्टर कंबरेवर हात ठेवून पुढं झाल्या. "पावसाळी हवेत रंग कोण लावतं? माझा नातूसुद्धा लावणार नाही!"

"पावसाळी हवा? मी पेपर बघून काम काढलंय बाई! पेपरात स्पष्ट छापून आलं होतं. विश्वास नसेल तर..." आणि बोलता बोलता रंगाऱ्याची नजर अनुस्वाररावांच्या मागं गेली. तो वाकला. "अरे, हे काय! यांच्याच मागं छापलंय की! साहेब, वाचू का? 'हवामान : पुढील दोन दिवस पावसाची शक्यता नाही.' घ्या!"

सगळे अनुस्वाररावांच्या मागं गोळा झाले. अधीक्षकांनी चष्मा लावून वाचलं. कारकुनानं वाचलं. बेकरीवाल्यांनी तर मोठ्यांदा वाचलं आणि वर म्हणाले, "हेच! हेच मी सकाळपासून बोंबलतोय! माझी नऊ पोती याच ओळीनं खाल्ली!"

फक्त अनुस्वाररावांना वाचता येत नव्हतं, कारण ते छापलेलं त्यांच्या पाठीमागं होतं.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

"'पुढील दोन दिवस पावसाची शक्यता नाही.'"

"'शक्यता' आणि 'नाही' यांच्या मध्ये काहीच नाही?"

"मध्ये काय असणार?" रंगारी म्हणाला. "सरळ वाक्य आहे."

अनुस्वाररावांचा चेहरा उतरला. सिस्टरांनी पटकन त्यांचं मनगट धरून नाडी बघितली. "गारठलेत. ठोके बघा किती पडताहेत."

"म्हणजे दोष ना आमच्या विभागाचा, ना या नागरिकांचा!" अधीक्षकांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "दोष पेपरवाल्यांचा! आपण सगळे एकाच बाजूचे निघालो. आता संपादकांना खरमरीत पत्र गेलं पाहिजे." त्यांनी कारकुनाच्या फाइलीतून विभागाचा छापील कागद काढला आणि अनुस्वाररावांकडे वळले. "तुमची भाषा चांगली दिसते. माझा फॉर्म फाडून खाल्लात तुम्ही. तुम्हीच लिहा. मी सही करतो."

बेकरीवाल्यांनी पाठ वाकवली. त्या पाठीवर कागद ठेवून अनुस्वाररावांनी पत्र लिहिलं. एरवी पेन्सिल चालायची तशी ती चालत नव्हती, अडखळत होती. शेवटच्या ओळीत अधीक्षकांनी सांगितलं, "'निषेध करतो' म्हणा." अनुस्वाररावांनी क्षणभर विचार केला आणि 'तीव्र निषेध करतो' असं लिहिलं.

"वा!" अधीक्षक खूश झाले. "पण हे पोचवायचं कुणी?"

"मी पोचवतो," अनुस्वारराव खाली बघत म्हणाले. "मी तिकडंच निघालोय."

परतीच्या वाटेवर पाऊस थांबला होता आणि पुन्हा ऊन पडलं होतं. तिघांच्या अंगातून वाफा निघत होत्या. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाशी अनुस्वारराव थांबले.

"ती ओळ तशी नव्हती," ते म्हणाले.

"कुठली?"

"हवामानाची. मूळ मजकुरात होतं, 'पावसाची शक्यता नाकारता येत नाही.' मला त्या वाक्याचा एकतीस वर्षं राग आहे. 'नाकारता येत नाही' म्हणजे काय? आहे म्हणा, नाहीतर नाही म्हणा! द्राविडी प्राणायाम कशाला? रोज ते वाक्य यायचं, रोज मी दात-ओठ खात सोडून द्यायचो. त्या दिवशी म्हटलं, आता जायचे तीन दिवस उरलेत, एकदा तरी हे मराठीत आणू. 'नाकारता येत' एवढं कापलं."

"आणि 'नाही' तसंच ठेवलंत?" सिस्टरांनी विचारलं.

"'नाही' शुद्ध होतं."

बेकरीवाल्यांना अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तसे ते लालबुंद झाले. "म्हणजे माझी नऊ पोती... माझी पँट... सकाळपासून मी तुझ्यासाठी लोकांशी भांडतोय, तिरका तिरका चालतोय, पाठीचं टेबल करून देतोय, आणि तूच? अरे, पन्नास वर्षांची मैत्री आहे आपली!"

"भांडण कर माझ्याशी," अनुस्वारराव म्हणाले.

"करणारच! सोडतो काय?" बेकरीवाले म्हणाले. "पण आता तीन वाजलेत. आधी कार्यक्रमाला चल. नंतर बघतो तुझ्याकडे."

कचेरीच्या सभागृहात चाळीसेक माणसं बसली होती. पहिल्या रांगेत अनुस्वाररावांची बायको होती. नवऱ्याला दारातून येताना बघून ती हसली. कोट जरा चोळामोळा झालाय खरा, पण भिजून आला असेल, असं तिनं स्वतःची समजूत घातली. अनुस्वारराव भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे सरकत सरकत व्यासपीठावर पोचले आणि खुर्चीत जे बसले ते हललेच नाहीत. शेवटच्या रांगेत सिस्टर आणि बेकरीवाले उभे होते. खुर्च्यांना रंग लागेल म्हणून ते बसले नव्हते.

संपादकबाई बोलायला उभ्या राहिल्या. त्या भावुक झाल्या होत्या.

"एकतीस वर्षं!" त्या म्हणाल्या. "मंत्री बदलले, छपाईची यंत्रं बदलली, मीसुद्धा या खुर्चीत चौथी. पण अनुस्वाररावांच्या हातून या एकतीस वर्षांत एकही चूक निसटली नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोनं डोळे पुसले. अनुस्वाररावांना ते सहन होईना. त्यांनी खिशातलं पत्र काढलं आणि बसल्या जागेवरून संपादकबाईंच्या हातात दिलं.

"यांचं निरोपाचं मनोगत!" संपादकबाई म्हणाल्या. "बोलवत नाहीये त्यांना. मी वाचते." आणि त्यांनी माइकसमोर वाचायला सुरुवात केली, "'महोदया, आपल्या वृत्तपत्राच्या बेजबाबदारपणामुळे...'"

संपादकबाईंनी अंमळ थांबून अनुस्वाररावांकडे बघितलं. पण सुरुवात केली होती, आता मागं फिरणं बरं दिसलं नसतं.

"'...आपण छापलेल्या चुकीच्या अंदाजावर विसंबून आमच्या विभागाने बाकास रंग दिला. पाऊस आल्यामुळे तो वाळला नाही. परिणामी एक बाक, एक स्वेटर, एक पँट आणि एक नवा कोट कामातून गेला. ज्या कोणाच्या हातून हे घडले, त्याचा आम्ही तीव्र निषेध करतो.'"

"कोणाचा कोट?" पहिल्या रांगेतून बायको उठून उभी राहिली.

अनुस्वारराव उठले आणि त्यांनी पाठ फिरवली.

त्या क्षणी फोटोवाल्यानं बटण दाबलं.

"अहो!" बायकोचा आवाज माइकशिवाय सगळ्यांना ऐकू गेला. "चार खेपा घातल्या मी त्या शिंप्याकडे! कुणी केलं हे? नाव सांगा मला त्या मेल्याचं!"

"मीच तो," भिंतीकडे तोंड करूनच अनुस्वारराव म्हणाले. मग वळले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. हवामानाचं वाक्य, लाल पेन्सिल, मैद्याची पोती, बाक, फॉर्म, सगळं. एकही शब्द त्यांनी जास्तीचा वापरला नाही. शेवटी म्हणाले, "एकही चूक नाही, असं बाई म्हणाल्या. ते दुरुस्त करून घ्यावं. एक आहे."

मग शेवटच्या रांगेतून बेकरीवाल्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ते अजून रागावलेलेच होते. टाळ्याही रागानंच वाजवत होते. पण त्यांच्या मागून सगळं सभागृह वाजवू लागलं. बायको मात्र हाताची घडी घालून उभी राहिली.

संपादकबाईंनी डोळे टिपले. पाणी हसून आलं होतं की रडून, ते कळायला मार्ग नव्हता. "उद्या खुलासा छापू," त्या म्हणाल्या. "लिहून देता? पाच वाजेपर्यंत तुम्ही कामावर आहात."

अनुस्वारराव आपल्या टेबलाशी जाऊन बसले. पाचला दहा मिनिटं असताना त्यांनी चार ओळींचा खुलासा हातावेगळा केला. शेजारच्या टेबलावर त्यांच्या जागी येणाऱ्या बाई बसल्या होत्या. गेले सहा महिने अनुस्वारराव त्यांना शिकवत होते, म्हणजे रोज रागवत होते. त्यांनी खुलासा वाचला, पेन्सिल उचलली, अनुस्वाररावांकडे एकदा बघितलं आणि एका शब्दातला जास्तीचा काना काढून टाकला. अनुस्वाररावांनी कागद जवळ ओढून तो शब्द पुन्हा वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सहालाच उठले. अंक दारात पडला होता. पहिल्या पानावर खालच्या कोपऱ्यात त्यांच्या पाठीचा फोटो होता. काळ्या-पांढऱ्या छपाईत पट्ट्या इतक्या रेखीव दिसत होत्या, की शेजारच्या वहिनी येऊन हा कोट कुठं शिवला म्हणून विचारून गेल्या. बायकोनं शिंप्याचं नाव सांगितलं, पण नवऱ्याशी ती अजून बोलत नव्हती. चहाचा कप मात्र तिनं त्यांच्यासमोर आणून ठेवला, थोडा जोरातच.

अनुस्वाररावांनी लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानाच्या पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली. अग्रलेख वाचला. बाजारभाव वाचले. शोकसंदेश, जाहिराती, शब्दकोड्याची उत्तरं. बाहेर ऊन आलं, गेलं, चार थेंब पडले, पुन्हा ऊन आलं. आठ वाजता त्यांनी अंक टेबलावर आपटला.

"हद्द झाली!"

"काय झालं?" न राहवून बायको बोललीच.

"एक चूक नाही! सोळा पानं आहेत सोळा! एक वेलांटी इकडची तिकडं नाही. काना नाही, मात्रा नाही. काल मी गेलो काय आणि आज हे! एकतीस वर्षं डोळे फोडले मी यांच्यासाठी. एका दिवसात असं वागायचं असतं का माणसाशी?"

बायकोनं चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"पण मग चिडलाय कुणावर?" तिनं विचारलं.

अनुस्वाररावांनी गार झालेल्या चहाचा एक घोट घेतला. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं नीट पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि अंक उलटा करून शेवटच्या पानापासून वाचायला घेतला.